मार्ताबाईंचा वर्ग

आमच्या हायस्कूलमध्ये घंटा झाली की सगळे शिक्षक वर्गाची दारं लावून घेतात. मार्ताबाई लावत नसत. उशिरा आलेलं पोर दारात घुटमळलं की फळ्यावरचा हात न थांबवता त्या म्हणत, "मासुक दुलू." म्हणजे, आधी आत ये. उशीर का झाला ते नंतर विचारायच्या. कधी कधी विचारायच्याच नाहीत.

मी अमेरिकेत पिस्कॅटवेला राहते आणि जवळच्याच शाळेत फिजिक्स शिकवते. मार्ताबाई शेजारच्या खोलीत गणित शिकवत. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या त्या. मुलं त्यांना 'इबू' म्हणत. इबू म्हणजे आई, आणि शाळेतल्या बाईसुद्धा. चण लहान, आवाज खणखणीत. चिडल्या की बसून बोलता यायचं नाही त्यांना, उठून उभ्या राहायच्या.

फ्लोरेसमध्ये त्या अकरावी-बारावीला शिकवत. डोंगरातल्या गावांत शाळा नववीपर्यंतच. पुढे शिकायचं तर गाव सोडायचं. मुली घरचे तांदूळ घेऊन तालुक्याला यायच्या, भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर भात शिजवून शिकायच्या. त्यांतलीच युलियाना, वर्गात पहिली येणारी. शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर तिला दिवस गेल्याचं कळलं आणि हेडमास्तरांनी तिला शाळेतून काढून टाकलं. मुलगा त्याच वर्गातला, प्रतिष्ठित घरातला. तो परीक्षेला बसला.

"हेडमास्तर म्हणाले, शाळेच्या इज्जतीचा प्रश्न आहे," एकदा डबा खाताना मार्ताबाईंनी सांगितलं, आणि घास टाकून उभ्या राहिल्या. "मी विचारलं, शाळेची इज्जत मुलीच्याच पोटात असते का? मुलाच्या खिशात नसते?"

बाई कायम झालेल्या नव्हत्या. पुढच्या वर्षी त्यांना कामावर घेतलंच नाही. युलियाना गावी परत गेली ती गेलीच. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे मार्ताबाई अमेरिकेत आल्या आणि नव्याने परीक्षा देऊन पुन्हा शिक्षिका झाल्या.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या बारावीच्या सोफियाला दिवस गेले. इथे कुणी हाकललं नाही. समुपदेशक नेहाने तिला गोड आवाजात सुचवलं, घरी बसून ऑनलाइन कर. नेहा इथेच जन्मलेली, आमच्या मराठी मंडळातल्या मैत्रिणीची मुलगी. मी जाब विचारला तेव्हा म्हणाली, "मावशी, वी आर ओन्ली गिव्हिंग हर ऑप्शन्स. वी वॉन्ट हर टू फील कम्फर्टेबल!"

"कुणाला कम्फर्टेबल?" मार्ताबाई मागे येऊन उभ्या होत्या. "तिला विचारलंस? की ती दिसली नाही म्हणजे तुम्हाला बरं? आमच्याकडे ओरडून घालवतात, तुम्ही हसून घालवता. पोरगी दोन्हीकडे घरीच बसते."

नेहाचा चेहरा उतरला. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

सोफियाला शाळेतच यायचं होतं, आणि कायद्याने तिला कुणी अडवू शकत नव्हतं. मार्ताबाई तिच्या आईला घेऊन प्रिन्सिपलकडे गेल्या, मीही गेले. प्रिन्सिपल म्हणाले, "इतर मुलांवर काय परिणाम होईल?" बाई उभ्या राहिल्या. "परिणाम व्हायलाच हवा. शाळा कुणालाही टाकत नाही, हे त्यांना कळू दे."

सोफिया राहिली. टेबलाला जोडलेल्या खुर्चीत तिचं पोट मावेना, तेव्हा बाईंनी स्वतःचं टेबल-खुर्ची तिला दिली आणि त्या उरलेलं वर्षभर उभ्यानेच शिकवत राहिल्या. जूनमध्ये सोफिया पदवीचा झगा घालून स्टेजवर गेली. तिची आई लेकीच्या लेकीला कडेवर घेऊन टाळ्या वाजवत होती. प्रिन्सिपलनी हसून फोटो काढून घेतला, तो शाळेच्या वेबसाइटवरही झळकला.

त्याच उन्हाळ्यात मार्ताबाईंची डिस्ट्रिक्टच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत बदली झाली. कारण दिलं, 'स्टाफिंग बॅलन्स', म्हणजे सगळ्या शाळांत शिक्षक सारखे वाटणं.

त्या खोली आवरत होत्या तेव्हा मी संतापून आत शिरले. म्हटलं, "युनियनकडे जाऊ. हा सरळ सरळ सूड आहे!"

"आहेच," त्या शांतपणे खोक्याला टेप लावत म्हणाल्या. "तू जा युनियनकडे, जरूर जा, सोडू नकोस त्यांना. पण मला सोमवारी नवा वर्ग बघायचाय. तिथेही कुणीतरी घरी बसलेली असेल."