पहिल्या तुकडीतली तिसरी

मला माणसं पाठीवरून ओळखू येतात. बाजारात, एसटीच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत मी मागूनच बरोबर हाक मारते, आणि ते माणूस वळून समोर आलं की उलट क्षणभर गोंधळते. हा खो-खोचा गुण. आठ जणी एका ओळीत, आखलेल्या चौकोनांत उकिडव्या बसलेल्या असतात. एकीचं तोंड उगवतीला, तर शेजारणीचं मावळतीला. नववी पळत येते, मागून पाठीला हात लावते आणि मोठ्यानं ‘खो’ म्हणते. तो मिळाला की बसलेलीनं उठून पळायचं, आणि देणारीनं तिच्या जागेवर, ती जिकडं बघत होती तिकडंच बघत बसायचं. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. शाळेपासून आजवर मी दुसरं काही केलेलं नाही, त्यामुळं मैत्रिणींच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या पाठीच मला जास्त पाठ आहेत.

एका कंपनीच्या संघाची मी कर्णधार आहे. हंगामात आम्ही गावोगाव खेळतो, आणि उन्हाळ्यात संघाला सुट्टी लागली की मी जळकोटला आईकडं येते. लोकांना वाटतं, हंगाम संपला की खेळाडू नुसत्या झोपा काढतात. झोपा काढतातच, मी काही नाही म्हणत नाही. पण खरा संघ याच दिवसांत ठरतो. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, ओळीत कुणाशेजारी कुणाला बसवायचं, आणि पळतीच्या वेळी कुठल्या तिघी आधी उतरवायच्या. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीनं उतरतात. पहिली तुकडी जितका वेळ टिकेल तितका संघ टिकतो, एवढं समजलं तरी पुरे.

यंदा सरांचा, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांचा, फोन लवकर आला.

“पहिली तुकडी तू लाव,” ते म्हणाले. “तू आहेस, सोलापूरची उंच पोरगी आहे. तिसरी तेवढी सांग. जुनी ठेवायची का परंड्याची नवी घ्यायची, तुझ्यावर सोडतो.”

“आणि जी राहील तिचं काय?”

“नवी राहिली तर ती दुसऱ्या तुकडीत बसेल, लहान आहे. जुनीला मात्र आता दुसरीकडं कुठं बसवता येत नाही. कंपनीतलं तिचं काम चालूच राहील. मैदान बंद.”

जुनी म्हणजे माझी जोडीदारीण. आमच्याच गल्लीतली, माझ्याच वर्गातली. धाराशिवच्या वसतिगृहात आम्ही दोघी एकाच पेटीत कपडे ठेवायचो. तिचं माहेर आणि सासर दोन्ही याच गल्लीत, त्यामुळं बिचारीला नवऱ्याशी भांडून माहेरी जायचीही सोय नाही. सासू दारात बसून तिला जाताना बघते आणि येताना चहापत्ती आणायला सांगते. मी पहिली, सोलापूरची दुसरी आणि ही तिसरी, अशी आमची तुकडी. गेल्या हंगामात खुंटाला वळसा घालताना तिचा गुडघा मुरगळला. सूज उतरली, डॉक्टरांनी बरं झाल्याचं सांगितलं. पण आता त्या वळणावर तिचा पाय अर्धा क्षण विचार करतो. बघणाऱ्याला दिसत नाही. मला ऐकू येतं. परंड्याच्या पोरीचा पाय विचारबिचार काही करत नाही, नुसता वळतो.

सरांना वाईटपणा नको होता, म्हणून तो त्यांनी माझ्या पदरात टाकला. मला असा राग आला की फोन ठेवल्यावर मी आईवर ओरडले. कारण काहीच नव्हतं. भाजीत मीठ बरोबर होतं.

त्यानंतरच्या दुपारी मला आता एकच लांबलचक दुपार वाटतात. मधल्या खोलीत कूलर घरघरायचा, वाळ्याचा ओला वास यायचा, आणि हायवेवरून जाणारे ट्रक दुरून कुठूनतरी येऊन माझ्या उशीखालून गेल्यासारखे वाटायचे. डोळा लागतोय न लागतोय तोच मैदान यायचं. कधी ते धाराशिवचं आमचं जुनं, तांबड्या मातीचं असायचं. कधी ज्वारी काढून मोकळं झालेलं रान असायचं आणि धसकटांमधून कुणीतरी पांढऱ्या फक्कीनं रेषा मारलेल्या असायच्या. हल्ली आम्ही मॅटवर खेळतो, तिच्यावर पावलं फारशी वाजत नाहीत. स्वप्नात मात्र माती असायची आणि प्रत्येकीची पावलं वेगवेगळी वाजायची. मी संघ लावायला लागायचे. हिला इथं बसव, तिला तिथं बसव. बसवलेल्या पोरी जागा सोडून हळूच शेजारच्या रानात भुईमुगाच्या शेंगा वेचायला जायच्या, मी परत बोलवायचे. शेवटी आठही जणी बसल्या की मी हात पुढं करून पळत सुटायचे, आणि जवळ जाऊन बघते तर आठही पाठी जोडीदारणीच्याच. तोच मानेवरचा तीळ, वेणीला तसाच मारलेला आडवा आकडा. कुणाला खो द्यायचा ते कळायचं नाही. मी ओळीच्या कडेकडेनं पळतच राहायचे, आणि नवल म्हणजे दमायचे नाही. जाग आल्यावर दमलेली असायचे.

ती रोज यायची. उन्हं कलली की दारात चप्पल वाजायची. आईला ‘काकू’ म्हणून हाक, मग मुगवड्या घालू लाग, पापड लाट, चिंचा फोड. माझी आई वाळवणाच्या बाबतीत फार कडक; तिच्या हाताखाली मी एकटी टिकले नसते. काम करता करता ही बाकी सगळं विचारायची. कुणाचं लग्न जमलं, कूलरचा पंखा आवाज का करतो, सोलापूरचीनं केस का कापले. संघाचं मात्र नाव नाही. एकदाच म्हणाली, “सरांचा फोन आल्ता का?”

“आल्ता,” मी म्हणाले.

“काय म्हनले?”

“उन्हाळा लई हाय म्हनले.”

“व्हय,” ती म्हणाली, “लईच हाय,” आणि पापड लाटायला लागली. तिच्या पाठीकडं बघून मला कळत होतं की तिला कळलंय. पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली होती. तिला काढलं तर माझा हात कापल्यासारखं होणार. नाही काढलं तर पहिली तुकडी लवकर फुटणार, आणि फुटताना सगळ्यांसमोर तीच सापडणार. हे दुसरं मला जास्त बघवलं नसतं.

मग कुरडयांचा दिवस आला. भिजवलेल्या गव्हाचा चीक आईनं दिवस उगवायच्या आधीच चुलीवर चढवला होता. “झोपून झोपून अंग सुजायलंय तुजं,” म्हणत तिनं मला उठवलं आणि गच्चीवर पिटाळलं. गच्चीवर दोन बाजा टाकल्या होत्या, त्यांवर ओली धोतरं अंथरलेली. त्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदाच गच्चीवर गेले असेन. हवा अजून गार होती. सोऱ्यात गरम चीक भरायचा, दाबायचा, हात गोल फिरवत कुरडई पाडायची. भरायचा, दाबायचा, फिरवायचा. वाफ तोंडावर येत होती आणि मी अर्धवट झोपेतच होते. हात आपोआप चालत होते.

“काकू, दुसरं पातेलं म्या नेते,” असा खालून आवाज आला आणि ती जिना चढून वर आली. पातेलं टेकवलं. बाजेकडं बघत उभी राहिली. तेव्हा मीही पहिल्यांदा नीट बघितलं.

दुसरी कुणी असती तर तिला नुसत्या कुरडया दिसल्या असत्या. मधोमध सरळ ओळीत आठ. एक डावीकडून फिरवलेली, तिच्या शेजारची उजवीकडून, पुन्हा एक डावीकडून. ओळीच्या दोन्ही टोकांना खुंटासारखा चिकाचा एक एक ठिपका. आणि बाजूला, ओळीपासून सुटून, पळतीला उतरलेल्या दोन कुरडया. त्यांच्याजवळ तिसरीपुरती जागा मी मोकळी सोडली होती.

“तिसरी न्हाय पाडलीस,” ती म्हणाली.

“चीक संपला.”

तिनं माझ्या पातेल्यात बघितलं. अर्धं पातेलं भरलेलं होतं. माझ्या हातातला सोऱ्या तिनं घेतला, भरला आणि त्या मोकळ्या जागेत एक कुरडई पाडली. लहान, घट्ट वेढ्यांची.

“ही परंड्याची,” ती म्हणाली. “ल्हान हाय, पन लवकर वाळंल.”

मला एकदम रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पायजे? गुडघा माजा हाय का सरांचा? वळताना काय हुतंय ते मला ठावं न्हाय व्हय?” तिनं पदरानं आधी माझं नाक पुसलं, मग स्वतःचं. “मला काढल्याचं दुखत न्हाय गं. खोटं कशाला बोलू, दुखतंय. लई दुखतंय. पन तू म्हनली असतीस तर सोसलं असतं. तू कायच म्हनंनास. म्या रोज येते आन् तू रोज कूलरच्या तोंडाला जाऊन झोपतीस. सगळा उन्हाळा म्या तशीच बसून ऱ्हायले बघ.”

खरं तेच होतं.

ती बाजेच्या पलीकडं गेली आणि गच्चीच्या फरशीवर, माझ्याकडं पाठ करून, मैदानात बसतात तशी उकिडवी बसली. दुखरा गुडघा जरा बाजूला, बाकी बैठक शाळेत होती तीच. दोन्ही हात पुढं टेकलेले. मानेवर तीळ.

“दे,” ती म्हणाली.

“काय?”

“खो दे. खो मिळाल्याबगर उठता येतंय का?”

“येडी हायस का? कुणीतरी बघंल की.”

“बगू दे. दे लवकर, पाय भरून यायलाय.”

मी तिच्या मागं गेले. पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, श्वासानं वर-खाली होत होती. तोंडातून आवाज निघेना.

“आवाज न्हाय,” ती समोरच बघत म्हणाली. “फाऊल.”

दुसऱ्या खेपेला आवाज आधी निघाला आणि हात मागाहून लागला.

“फाऊल! कर्णधार हायस का कोन? नवी पोरगी बरी तुज्यापेक्षा.”

तेव्हा मी रागानं, सगळ्या ताकदीनं तिच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडले, “खो!” शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. ती उठली ती पळतच सुटली, बाजेला वळसा घालून, ओल्या धोतराची कड चुकवून, जिन्याकडं. मी डोळे मिटून घेतले. उतरताना जिन्याच्या वळणावर तिचा पाय तेवढाच अर्धा क्षण थांबला. मग पुढची पावलं वाजली, मग अंगण, मग दाराची कडी.

खेळाचा नियम म्हणून म्हणा, किंवा उभं राहवेना म्हणून म्हणा, मी तिच्या जागेवर बसले. फरशीवर तिच्या हातांचे चिकानं चिकट झालेले ठसे होते, त्यांवरच माझे हात टेकले. ती जिकडं बघत होती तिकडं बघितलं. समोर तिची गच्ची होती. तिथं दोरीवर तिची निळी जर्सी वाळत घातलेली होती, पाठीकडची बाजू माझ्याकडं, मधे तिचा नंबर. संघ सोडणारीनं जर्सी स्वच्छ धुऊन कंपनीला परत द्यायची, असा आमच्याकडं रिवाज आहे. ती धुऊन कधीच वाळली होती. ऊन लागून खांद्यावर जरा विटलीही होती. किती दिवस झाले असतील, कुणास ठाऊक. वारा आला की ती पाठ फुगायची आणि पुन्हा पडायची.

मी बसल्या बसल्याच सरांना फोन लावला.

“तिसरी परंड्याची,” मी म्हणाले.

“बरं. आणि जुनीला तू सांगितलंस का मी सांगू?”

“झालं सांगून,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

ऊन आता बाजेवर आलं होतं. मघासारखं कोवळं राहिलेलं नव्हतं, चांगलं लागत होतं. कुरडया कडेकडेनं पांढुरक्या व्हायला लागल्या. त्यांतली लहान खरंच सगळ्यांत आधी वाळत होती. माझे पाय भरून आले.

“अगं, चीक गार व्हायलाय!” आई खालून ओरडली. “ऊठ की आता!”

“उठते,” मी म्हणाले. पण मला उठवणारी जिना उतरून कधीच गेली होती.