थांबलेलं बी

केरळातल्या एळिक्करच्या खाऱ्या शेतांत पेरणी कधी करायची, ते कुरुंबाची जीभ ठरवायची. शेतं पैलीची, पण बांधावरचं पाणी चाखून मीठ गेलं की नाही, ते सांगायची ही सत्तरीची मजूर बाई. पैलीने एकदा मीठ मोजायचं यंत्र आणलं होतं. ते गंजलं. जीभ चालूच राहिली.

यंदा पाऊस रुसला, शेतातलं मीठ धुऊन गेलं नाही. पोक्काली भाताचं बियाणं तिने रीतीप्रमाणे सागाच्या पानांत दाबून, झावळ्यांच्या टोपल्यांत बांधून, तळ्यात भिजवून सावलीत ठेवलं होतं. आत मोडाचं टोक फुटतं आणि तिथंच थांबतं. महिनाभर थांबतं, पुढे मरतं. आज सव्विसावा दिवस होता आणि या भाताचं दुसरं बियाणं गावात कुणाकडे उरलं नव्हतं.

"अम्मा, पेरूनच टाकू आता," पैली म्हणाला. "टोपलीत कुजण्यापेक्षा शेतात मेलेलं काय वाईट?"

"आलास घोड्यावर बसून! पाणी अजून खारट आहे. आणि टोपली उघडून बघू नकोस, वारं लागलं की मोड सुटतात."

"एवढा भरवसा कशावर गं तुझा?"

कुरुंबा बांधावर टेकली. "माझा नवरा कण्णन गेला ना, त्या वर्षी त्याच्या दुखण्यात बावीस दिवस मी उशाशी बसून होते. सगळ्यांनी पेरलं. मग बांध फुटला, भरतीचं पाणी घुसलं, मिठाने सगळ्यांचं जळालं. माझ्या तुकड्याचं बी टोपलीतच होतं. माझ्यासाठी कोण थांबलं रे? तुझ्या बापानेसुद्धा दुसरी मजूर बघितली. हे थांबलं. अंगावर टरफल, पोटात शिदोरी, बसून राहिलं गुमान. विहिरीवरच्या नेच्याच्या पानामागची भुकटी बघ, तेही त्याचं बीच, पण ना टरफल ना शिदोरी. ओल मिळाली नाही की संपलीच बिचारी. या भातावर मी दोन पोरी वाढवल्या. याच्याएवढे उपकार माझ्यावर कुणाचेच नाहीत."



अठ्ठाविसाव्या दिवशी पावसाने झोडपून काढलं. तिसाव्या सकाळी कुरुंबाने पाणी चाखलं आणि थुंकलं नाही, गिळलं. थांबलेले मोड जागे करायला टोपल्या पुन्हा तळ्यात बुडवल्या. दुपारी तिने पहिल्या टोपलीची दोरी कापली. सागाची पानं काळी पडली होती. त्याखाली दाण्यादाण्याला पांढरं टोक होतं, जिवंत.

"थांबलास रे बाबा," ती बियाण्याला म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

पैलीने गुडघ्यावर दुमडलेलं लुंगीसारखं मुंडू खाली सोडलं, चर्चमध्ये शिरताना सोडायचा तसं, आणि मगच टोपलीला हात लावला.