म्हातारीला दिसायला हवं

फिरत्या दवाखान्याची गाडी गावातल्या शाळेच्या भिंतीला लागली की ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवायचा आणि मागची लोखंडी पायरी खाली सोडायचा. ही डोंगरापलीकडची फेरी कुणालाच नको असायची. रस्ता असा, की पोटातलं पाणी हलून निघावं. नर्सबाईने मात्र ती मागून घेतली. वरचे साहेब म्हणाले, काय हा सेवाभाव! कसला सेवाभाव आणि कसलं काय. बाईने डूख धरला होता.

याच गावात तिचं सासर होतं. पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा तिने सासूचे पाय धरले, मला दवाखान्यात न्या म्हणून. सासू म्हणाली, "आमच्या घरातल्या बाया घरातच मोकळ्या होतात." मुलगा झाला, पण रडलाच नाही. महिना उलटायच्या आत तिची पेटी दाराबाहेर आली, आणि नवरा उंबऱ्यात मान खाली घालून उभा राहिला. पुढे त्याने शहरात दुसरा संसार थाटला. ती भावाकडे राहून नर्स झाली आणि सासूला ऐकवायची वाक्यं मनात घोटत बसली.

एके दिवशी रांगेत सासू आली, काठी टेकत, गाडीचा पत्रा चाचपत. नर्सबाईने तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला आणि थेट तोंडासमोर तोंड नेलं.

"हात हलका आहे गं तुझा, पोरी," म्हातारी म्हणाली. "कुठली तू?"

ओळखलंच नाही! बॅटरीच्या उजेडात बघितलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुधाच्या सायीसारखा. आवाजावरून ओळखायचा प्रश्नच नव्हता. त्या एका विनवणीखेरीज त्या घरात सुनेने 'हो'च्या पुढे काही बोललेलं कुणी ऐकलंच नव्हतं. नर्सबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं जपलेला राग, आणि समोर आंधळी! आंधळीवर काय सूड उगवायचा? छे, म्हातारीला दिसायला हवं.

मग ती गोड झाली. आजी म्हण, पाठीवरून हात फिरव, असं सुरू झालं. म्हातारी ऑपरेशनला तयार होईना. "गाडीपर्यंत आले ते पुष्कळ झालं," म्हणायची. नर्सबाईने पिच्छा सोडला नाही. शेवटी याच गाडीतून तिला शहरातल्या इस्पितळात नेऊन सोडलं. ड्रायव्हर म्हणाला, "पोटची पोरसुद्धा एवढं करत नाही."

पुढच्या फेरीला म्हातारी काठीशिवाय आली, रांगेतल्या प्रत्येकीची साडी निरखत. पायरी चढली, स्टुलावर बसली आणि वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिचा हसरा चेहरा विझला.

"तू अजून जिवंत आहेस?"

"आहे. आणि तुमचा नातू असता तर एवढा असता." नर्सबाईने आपल्या खांद्याशी हात धरला. घोटलेली बाकीची वाक्यं आठवलीच नाहीत.

म्हातारी डोळ्यांत घालायचे औषधाचे थेंब न घेताच उतरली. पुढच्या फेरीला आली नाही.

"सुंठीवाचून खोकला गेला," ड्रायव्हर म्हणाला. एव्हाना त्याला सगळं कळलं होतं.

"गाडी तिच्या दारात घ्या."

"तिथं आपला थांबा नाही, बाई."

"आजपासून आहे."

दारात हॉर्न वाजला. आतून कुणी बोलेना, तेव्हा नर्सबाई उंबरा ओलांडून आत गेली. बाळंतपणाच्या त्याच खोलीत म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे लाल झाले होते.

"तुझ्या हातचं औषध नको मला. मरू दे."

"मेलात तर सुटाल. मी नाही मरू देणार तुम्हाला. रक्तदाब सांभाळीन, डोळे सांभाळीन. दर फेरीला मी येणार आणि तुम्ही माझं तोंड बघणार."

तिने म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि खालची पापणी बोटाने हलकेच ओढली. म्हातारीने डोळे घट्ट मिटून घेतले. कडेने पाणी ओघळलं. ते नर्सबाईने कापसाने टिपलं, पण मनाला पाझर फुटू दिला नाही.

"उघडा," ती म्हणाली. "मला घाई नाही."

बाहेर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. म्हातारीने डोळे उघडले.