उभं राहून एन्टर

एन्टर दाबायच्या आधी आबा खुर्चीतून उठायचे. नेहमी नाही हं, एखादा प्रोग्राम मुळासकट काढायचा असेल तेव्हाच. चष्मा कपाळावर ढकलायचे आणि आख्ख्या ऑफिसला दिसेल असं एक बोट वरून खाली आणायचे.

"बसल्या बसल्या काढू नये," म्हणायचे. "कोणी काढलं ते दिसलं पाहिजे."

तुम्ही हसाल. आम्हीही हसायचो. बमरोलीच्या त्या ऑफिसात आम्ही सहाजणी दिवसभर साड्यांचे फोटो इंटरनेटवर चढवायचो. शेठनं सगळ्या मशीनवर फुकटातलं लिनक्स टाकलेलं, आणि ते सांभाळायला आबा. मूळचे अमळनेरकडचे, आधी कापडाचे लूम दुरुस्त करणारे. माऊसला हात लावतील तर शपथ! काळी खिडकी उघडायची, दोन बोटांनी हुकूम टाइप करायचा आणि मशीन काय म्हणतं ते मोठ्यानं वाचून दाखवायचं.

एकदा मी पत्त्यांचा गेम काढून टाकला. चार दिवसांत राहवेना म्हणून परत टाकला, तर माझे जुने हरलेले डाव जसेच्या तसे हजर.

"तू रिमूव्ह लिहिलं," आबा म्हणाले. "त्यानं पाहुणा जातो, पिशवी राहते. पर्ज लिही. पिशवीसकट जातो."

मग मॅनेजरनं आमच्या मशीनवर तो चहाडखोर प्रोग्राम बसवला. पाच मिनिटं कीबोर्ड हलला नाही की नावापुढे लाल खूण, आणि त्या खुणा त्या त्या मशीनमध्येच साठायच्या. मला तेव्हा सातवा महिना. दर तासाला उठावं लागायचं. माझ्या नावापुढे नुसती लाली! "बेन, तमे घरे आराम करो ने," मॅनेजर गोड गुजरातीत म्हणाला. सोमवारी त्या खुणांची यादी शेठपुढे जायची होती. नोकरी जाणार हे मला कळून चुकलं. भेस्तानला घरी गेले आणि नवऱ्यासमोर रडले. लाज कसली त्यात?

शनिवारी बाहेरगावचे व्यापारी यायचे होते. त्या प्रोग्रामनं मशीनं रखडायची, म्हणून मॅनेजर आबांना म्हणाला, "आजच्यापुरता काढा. सोमवारी सकाळी परत टाका. जुन्या खुणा राहिल्या पाहिजेत."

आबा कामाला लागले. एकेका मशीनपाशी बसले आणि दर वेळी उभे राहिले. माझं मशीन शेवटचं. मी पडद्यावर पाहिलं. पर्ज लिहिलेलं होतं.

"आबा, नका," मी कुजबुजले. "तुमची नोकरी जाईल."

"कसाले घाबरस, माय?" म्हणाले, आणि बोट खाली आणलं.

सोमवारी प्रोग्राम परत बसला, पण कोरा. मॅनेजर ओरडत आला, "मागचं सगळं कुठं गेलं?"

"मी काढलं," आबा म्हणाले.

"कोणाला विचारून?"

"मशीननं विचारलं होतं, पुढं जाऊ का. मी हो म्हटलं."

आम्ही सहाजणी फिस्सकन हसलो. आबा हसले नाहीत. संध्याकाळी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. डबा पिशवीत घातला, माझ्या टेबलावर दोन बोटं टकटक वाजवली आणि जिना उतरले. शेठपुढे न्यायला यादीच नव्हती, म्हणून मी राहिले. मुलगी झाली, ती आता शाळेत जाते. तिच्या जन्माचे पेढे द्यायला आबांच्या खोलीवर गेले होते, तर कुलूप. गावी गेले, शेजारीण म्हणाली. फोन लागत नाही. त्या दिवशी मी त्यांच्या बाजूनं एक शब्द बोलले नाही, याचा मला अजून राग येतो. माझा मलाच.

गेल्या महिन्यात नवा मॅनेजर आला आणि तसलाच प्रोग्राम घेऊन आला. नाव वेगळं, लाल खुणा त्याच. पहिल्याच आठवड्यात सर्वात जास्त खुणा कोणाच्या, तर शेजारच्या टेबलावरच्या मीराच्या. तिला पाचवा महिना आहे.

मी तिच्या मशीनवर काळी खिडकी उघडली. पासवर्ड आबांचाच चालला. तो बदलायचा असतो हे आबांशिवाय इथं कोणाला माहीत होतं? पर्जचा हुकूम लिहिला. मशीननं विचारलं, पुढं जाऊ का.

मॅनेजर दारात होता. "बेन, काय करताय?"

 मी खुर्ची मागं सारली आणि उभी राहिले.

"काढतेय," म्हटलं, आणि सगळ्यांना दिसेल असं बोट खाली आणलं.