खळीची चव

सकाळपासून म्हातारीचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोर्टाच्या बाकावर बसली की उठायची, उठली की पुन्हा बसायची. समोर सुनेवर खटला चालला होता, नवऱ्याला विष घालून मारल्याचा. तिचा नवरा म्हणजे म्हातारीचा एकुलता एक मुलगा.

घर पिढीजात पुस्तकबांधणीवाल्यांचं. कसर लागून पुस्तकं वाया जायला लागली, तेव्हा सुनेने चिकटवायच्या खळीत सोमल हे विष कालवलं आणि नवऱ्याला तसं बजावलंही. तरी तो ओकून ओकून गेला. "ते सवयीने खळ चाखायचे हो!" ती पोलिसांना सांगत राहिली. म्हातारी मात्र कडाडली होती, "माझा मुलगा काय वेडा होता खळ चाटायला?"

पोटचा गोळा गेला होता. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फोडल्याशिवाय तिला राहवेना. सून तर हाताशीच होती. तशी ती पहिल्यापासून म्हातारीच्या डोळ्यांत खुपायचीच.

"खळ चाखतात म्हणे!" सरकारी वकील हात उडवून म्हणाला. "उद्या मोची बूट चावून बघतो म्हणाल." लोक खो खो हसले. म्हातारी तेवढी हसली नाही.

न्यायाधीशांनी सुनेला विचारलं, "ही सवय आणखी कुणाला ठाऊक होती?"

सुनेने एकदाच सासूकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "कुणालाच नाही साहेब."

म्हातारी ताडकन उठली. "मला ठाऊक होती! खोटं बोलले मी. खळ आंबायला लागली की आधी जिभेला कळतं. दुधाचे दात होते, तेव्हा त्याचं बोट धरून मीच खळीत बुडवायचे. चाख म्हणायचे."

"आजी, सुनेची दया येऊन बोलताय का?" वकिलाने विचारलं.

"कसली दया? हिचं तोंड बघवत नाही मला अजून. पण त्याला शिकवलं मी."

सून सुटली. संध्याकाळी दोघी घरी आल्या. म्हातारी या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. इतके दिवस ज्या रागावर ती तग धरून होती, तो आता कुणावर काढायचा, हेच तिला कळेना.