वाटाणे वेचायला लावणारी बाई

मंडळी, आज सकाळी सांगलीच्या दवाखान्यात शेजारच्या काकूंनी हळूच विचारलं, "ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे नक्की कोण गं?" मला सत्त्याण्णव साल आठवलं.

लकव्यानं माझ्या वडिलांचा, दादांचा, उजवा हात गेला होता. विट्याच्या घरी एक तरुण बाई आली आणि त्यांना वाटाणे वेचायला लावू लागली.

आई दारातून म्हणाली, "आवं, ही डॉक्टर न्हाई, नर्स न्हाई. मग हाय तरी कोण?"

दादांनी सरळ पदवी मागितली. तिनं शांतपणे प्रमाणपत्र दाखवलं. "चार वर्षं हेच शिकलेय. वाटाणे वेचून बोटं वळायला लागतात. जेवणं, आंघोळ, बटणं लावणं तुम्हाला पुन्हा जमावं, हे माझं काम."

तीन महिन्यांनी दादांनी शर्टाची बटणं लावली. आईला वाटलं, बाईनंच लावली असणार!

ती येण्याआधी महिनाभर दादांच्या हाताला तेल चोळणाऱ्या माणसाला मात्र आम्ही शिक्षणाबद्दल काहीच विचारलं नव्हतं. तुम्ही विचारता?