पाथची ओळ आणि वामनची चप्पल

"कोण घुसला बे चप्पल घालून?" — साहेब असे ओरडले, की वैनगंगेपल्याड कारध्याच्या म्हशी दचकून उभ्या राहिल्या असतील.

पुढचं मी परवापर्यंत कोणाला — बायकोलासुद्धा — सांगितलेलं नव्हतं. आता तुमच्यापासून काय लपवायचं?

ऐंशीचं दशक सरत आलेलं. भंडाऱ्याच्या आमच्या कारखान्यात युनिक्सवर चालणारी कॉम्प्युटरची मशीन आली, आणि तिच्यासाठी अख्ख्या कारखान्यातला एकुलता एक एसी! मे महिन्यात बाहेर कावळे उडता उडता भाजून पडायचे — बरं, एक पडला होता — आणि आत स्वेटर लागायचा. दाराशी चपला काढायच्या, देवळासारख्या. ऑपरेटरची खुर्ची एकच. ती माझ्यासोबतच्या वामनला मिळणार होती. आणि माझा तिच्यावर डोळा होता.

त्या सकाळी मी हुशारी केली. पाथ नावाची एक ओळ असते — हुकूम कुठल्या कुठल्या कपाटात शोधायचे, ते मशीनला सांगणारी. त्यात मी माझं नवं कपाट घातलं — आणि जुनी कपाटं लिहायची राहूनच गेली. तेही कुठे? सगळ्यांच्या लॉगिनला लागू होणाऱ्या फायलीत! मग काय — यादी मागा, सापडत नाही. तारीख मागा, सापडत नाही.

साहेबांनी मशीनकडे पाहिलंच नाही, आमच्या पायांकडे पाहिलं. वामन घाईत चपलेसकट आत आला होता.

"अजी साहेब, चपलेनं कायले बंद पडन मशीन?" तो म्हणाला. साहेबांनी चपला काढायला लावल्या आणि खिडकीतून भिरकावल्या — थेट चुन्याच्या हौदात. सगळे खिडकीशी धावले. आणि मी? हुकमाचा पूर्ण पत्ता टाइप करून ती ओळ गुपचूप दुरुस्त केली. पुन्हा लॉगिन करून पाहा, म्हणालो. मशीन सुरू! चप्पल गेली, दोष गेला — याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता?

वामन गेला फाटकावरच्या वजनकाट्यावर, रणरणत्या उन्हात. खुर्ची मला. तेव्हा का नाही बोललो — भीती वाटली? छे! हवा फार गार होती हो.

परवा मोहाडीला त्याच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. त्याचा अडकित्ता काही थांबला नाही.

"नवी होती ना ते चप्पल," तो म्हणाला.